बयेचा आवाज

परवा पुन्हा एक मेल आला. कुठल्या तरी थंड देशातला माणूस. त्यानं लिहिलं होतं, की साळवेसाहेबांच्या सॉफ्टवेअरमधला आवाज इतका जिवंत, इतका जुना आणि अस्सल आहे, की ऐकताना डोळ्यांत पाणी आलं. साहेबांना माझा नमस्कार कळवा. आता कुठं कळवू, कपाळ? साळवेसर जाऊन वर्ष होत आलं. सॉफ्टवेअरच्या पानावर पत्ता माझा दिलेला आहे, म्हणून ही सगळी पत्रं माझ्याच बोकांडी बसतात. मी दरवेळी चरफडत दोन ओळींचं उत्तर टाकते. त्या अस्सल आवाजाचं खरं काय झालं ते या जगात दोनच माणसांना माहीत आहे, आणि त्यातली एक मी आहे.

मी शिरूरची. दौंडच्या एका खासगी आयटीआयमध्ये कॉम्प्युटर शिकवायला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये मला बजावलं गेलं, "साळवेसरांपुढं अंदाजपंचे बोलायचं नाही हं, मॅडम." सर इलेक्ट्रॉनिक्सला होते. बुटके, सावळे, पांढऱ्या बुशशर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर. कुणी म्हणालं आज फार उकडतंय, की सर विचारणार, "किती?" कुणी म्हणालं पोरं वर्गात बसत नाहीत, की "किती पोरं?" आणि मग ठरलेलं वाक्य, "मोजा, मग बोला." एकदा प्राचार्य वैतागून म्हणाले, "साळवे, तुम्ही माणूस आहात का मीटर?" सर शांतपणे म्हणाले, "मीटरच बरा साहेब. मीटरला राग येत न्हाई."

बोलायचे मात्र ओरडून. शेजारी बसलेल्या माणसाशी सुद्धा पलीकडच्या प्लॅटफॉर्मवरच्या माणसाला हाक मारावी तसं बोलायचे. आम्हाला वाटायचं, वर्कशॉपची सवय. आणि समोरच्याचं बोलणं पुन्हा पुन्हा विचारायचे, त्याचाही आम्ही अर्थ लावून टाकला होता, की सरांना नेमकं ऐकायची हौस.

सरांच्या तोंडी दिवसातून दहादा 'बया' यायची. "आज बयेला ताप आलाय." "बया रुसली, बोलतच न्हाई." मी आपली समजत होते की घरी कुणी म्हातारी आहे. नंतर कळलं, बया म्हणजे सिंथेसायझर. दिसायला बाजाच्या पेटीसारख्या पट्ट्या आणि वर ओळीनं नॉब. आजकालच्या कीबोर्डात आवाज आधीच भरून ठेवलेले असतात; बटण दाबलं की बासरी, दुसरं दाबलं की सतार. बयेत काहीसुद्धा भरलेलं नव्हतं. आत नुसती विजेची थरथर तयार व्हायची, आणि नॉब फिरवून फिरवून माणसानं ती तासायची, घडवायची, तेव्हा कुठं तिचा सूर व्हायचा. सर तरुण होते तेव्हा मुंबईतला कुठला तरी ऑर्केस्ट्रा मोडला, त्यातून त्यांनी ती खुटबावला आणली. एसटीच्या टपावर ठेवू देईनात, म्हणून पार केडगावपर्यंत मांडीवर घेऊन बसले.

खुटबाव सरांचं गाव. तिथल्या बुद्धविहारापाशी जमणाऱ्या पोरांची गायन पार्टी होती. जयंतीला, लग्नाला, बारशाला भीमगीतं म्हणायची. गायची विमलकाकू, म्हणजे सरांची बायको, आणि सर बया वाजवायचे. पेटी, ढोलकी वाजवणारी बाकीची माणसं होती, ती एकेक करून गेली. काही देवाघरी, काही चाकण-रांजणगावच्या कंपन्यांत.

त्या दिवसांतली एक हकिकत सर हसत सांगायचे. "एका बड्या बागायतदाराच्या पोराची वरात हुती. म्हणाला, पार्टी तुमची झकास हाय, पर भीमाचं गाणं वाजवायचं न्हाई. म्हटलं, बरं. आता बयेला फिल्टर म्हणून एक नॉब हाय, मॅडम. त्यो बंद करत नेला की आवाजाचा वरला भाग कापत जातो, शेवटाला नुसती घूं घूं ऱ्हाती. मी त्यो सगळा बंद केला, आन् वेशीपासनं मांडवापतोर भीमाचंच गाणं वाजवलं. विमलनं शब्द व्हटातल्या व्हटात म्हटले. बागायतदार फेटा उडवून नाचतोय! वर येऊन मला म्हणतो, ढोलाला काय मस्त साथ देताय राव!"

मी पोट धरून हसले. सर हसता हसता थांबले.

"घरी आल्यावर दोघंबी जेवलो न्हाई," ते म्हणाले. "आपलंच गाणं, आन् आपणच त्याचं तोंड दाबून वाजवायचं."

दुसरी हकिकत कासुर्डीची. एप्रिलचं ऊन, जयंतीचा कार्यक्रम, मंडप पत्र्याचा. बया तापली की तिचा सूर हळूहळू वर चढायचा. जुन्या यंत्रांची ती खोडच. त्या दिवशी ती अशी चढत गेली की पेटीवाला खाली राहिला, शिव्या देत थांबला. विमलकाकू मात्र डोळे मिटून बयेबरोबर वर वर गात गेली. कुणाला काही कळलं नाही. लोकांना एवढंच वाटलं की बाई आज काळीज काढून गातेय. "सूर सुटला म्हणत्यात त्याला," सर म्हणायचे, "पर दोघी संगं सुटल्या की त्योच सूर."

ही बया आता मरायला टेकली होती. आतले भाग बनवणाऱ्या कंपन्या बंद झालेल्या, जुने भाग सुकलेले, एक पट्टी उंदरानं खाल्लेली. सरांनी ठरवलं, ती जायच्या आत तिचा आवाज कॉम्प्युटरात उतरवून ठेवायचा. रेकॉर्ड करून नव्हे. रेकॉर्ड केलं तर तेवढंच गाणं राहतं. त्यांना बयाच पुन्हा बनवायची होती, आकड्यांची. बयेच्या आत वीज जिथं जिथं जे जे करते, ते ते सॉफ्टवेअरनं करायचं. पडद्यावर तेच नॉब, फिरवले की तसाच आवाज. जगात लोक असली सॉफ्टवेअरं करतात आणि विकतात, पण ती कारखान्यातून आलेल्या कोऱ्या यंत्रांची. सरांच्या बयेत आधीच्या मालकानं कुठल्या कुठल्या रेडिओतले बिननंबरचे भाग घातलेले होते. तिच्यासारखी तीच.

पन्नाशी उलटलेल्या माणसानं प्रोग्रॅमिंग शिकायला घेतलं. मला काय छळलंय म्हणून सांगू! जेवणाचा डबा उघडला की हजर. "मॅडम, ह्यो लूप का अडकतोय?" माझी पोळी गार. पण माणूस हटायचा नाही. रोज वर्कशॉप सुटलं की बया टेबलावर, तिच्या पोटात वायरी, विजेची लाट दाखवणाऱ्या सीआरओच्या हिरव्या पडद्यावर तिची लाट. शेजारी लॅपटॉपवर सॉफ्टवेअरची लाट. दोन्ही केसाइतक्या जुळल्या की पुढचा भाग. सूर चढण्याचा जो नॉब केला त्याला नाव दिलं 'ऊन'. नेटवर टाकल्यावर परदेशातल्या लोकांनी विचारून विचारून मला बेजार केलं, हे 'ऊन' म्हणजे काय. मी लिहिलं, इकडं या एप्रिलात, कळेल.

आणि सरांची परीक्षा घ्यायची एक तऱ्हा होती. आम्हा स्टाफपैकी कुणाला तरी खुर्चीत बसवायचे, सॉफ्टवेअरवर एक सूर लांबवर धरायचे, सोडायचे, आणि तोंडाकडं न बघता खांद्यांकडं बघायचे. "माणूस तोंडदेखलं बोलतो. खांदा खोटं बोलत न्हाई. सूर बरा लागला की खांदे खाली येत्यात." आमचे खांदे दरवेळी खाली यायचे. यायचेच, कारण तो आवाज असा काही टोचायचा की दातांत सणक जायची, कान झाकून घ्यावेसे वाटायचे. सरांनी पट्टी सोडली की हुश्श होऊन खांदे आपोआप पडायचे. सर खूश. "पास!"

मला वाटलं, जुनी यंत्रं अशीच ओरडत असतील. मी खरी बया तिच्या तरुणपणी कुठं ऐकली होती? आणि टेबलावरची बयासुद्धा अगदी तश्शीच टोचायची. सॉफ्टवेअर हुबेहूब होतं, यात तिळमात्र शंका नव्हती.

सॉफ्टवेअर आम्ही नेटवर फुकट ठेवलं. आठवड्यातच पहिला शेरा आला. सगळ्या कामाची तारीफ करून खाली लिहिलं होतं, 'पण वरचा आवाज कानात सुई खुपसल्यासारखा लागतो. करणाऱ्यानं आपले कान तपासून घ्यावेत.' मी ते मराठीत सांगितल्यावर सर उसळले. "मोजा म्हणावं! मोजा, मग बोला!" मग दुसऱ्या एकानं खरंच मोजून पाठवलं. त्याच्याकडं त्याच जातीचं यंत्र होतं. त्यानं त्याच्या फिल्टरचा आलेख पाठवला, आणि आमचा फिल्टर त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त उघडा निघाला. सर म्हणाले, त्याची बया वेगळी, माझी वेगळी. बोलले खरं, पण तो आलेख छापून खिशात घालून दोन दिवस फिरत होते.

तिसऱ्या दिवशी मलाच म्हणाले, "तुमच्या शिरूरला कानाचा कुणी डॉक्टर हाय का हो? दौंडात नको. पोरं बघत्याल."

रविवारी मी त्यांना घेऊन गेले. तिथं काचेच्या छोट्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावले, सूर ऐकू आला की बटण दाबायचं. मी बाहेरून बघत होते. सर बटण दाबत होते, दाबत होते, आणि मग नुसते बसून राहिले. आत सूर चालूच होते. डॉक्टरांची मदतनीस बाई एकेक बारीक सूर सोडत होती आणि सर आपले हातात बटण धरून तिच्याकडं बघत, परीक्षेला बसलेल्या पोरासारखे, की आता सोडेल, मग सोडेल.

डॉक्टर समजावून सांगायला लागले, की वयोमानानं होतं, कर्ण्यांजवळ वर्षानुवर्षं उभं राहिल्यानं जास्तच होतं, खालचं ऐकू येतं, वरचं गेलंय, गेलेलं परत येत नाही. सरांनी कागद त्यांच्या हातून ओढूनच घेतला. आलेख डावीकडं सरळ होता आणि मधून घसरत खाली गेला होता. सरांनी त्यावरून बोट फिरवलं.

"ह्यो फिल्टर हाय," ते म्हणाले. "बंद केलेला."

परतताना न्हावऱ्याला चहाला थांबलो. मी म्हटलं, "सर, मशीन आहे ना. कानाला मशीन बसवू."

"कानाचं न्हाई हो, मॅडम!" ते इतक्या मोठ्यानं ओरडले की हॉटेलवाला वळून बघायला लागला. मग त्यांनी सांगितलं, थांबत थांबत. आठ-दहा वर्षांमागं त्यांना वाटलं होतं, बयेचा आवाज दबलाय. म्हातारी झाली, भाग सुकले. म्हणून त्यांनी तिला उघडली, फिल्टरमधले जुने भाग काढून नवे कमी-जास्त करून घातले, आतले बारके स्क्रू पिळून पिळून तिला पुन्हा उघडी केली. पुन्हा वर्षभरानं दबलीशी वाटली, पुन्हा उघडली. असं किती वेळा. आणि मग त्या बयेला मोजमापं लावून, केसाइतकी जुळवून, सॉफ्टवेअर केलं.

"तिला काय झालं नव्हतं," सर म्हणाले. "माझे कान जात हुते, आन् मी तिला दुरुस्त करीत बसलो. ते जुने भाग वर्कशॉपच्या कचऱ्यात टाकले, मॅडम. नंबर नव्हता त्यांच्यावर. काय मापाचे हुते, कुणाला ठावं. सगळं मोजलं, आन् मोजणाऱ्यालाच मोजायचं ऱ्हायलं."

एवढा हिशेबी, टेस्टर खिशात घेऊन झोपणारा माणूस, न्हावऱ्याच्या त्या टपरीवर सगळ्यांदेखत रडला. मला कुणाचा राग येत होता तेही कळेना. कर्णे लावणाऱ्यांचा, त्या सुई म्हणणाऱ्या माणसाचा, का देवाचा.

त्यानंतर सरांचं 'मोजा' बंद झालं. कॅसेट होती एक, कासुर्डीच्या कार्यक्रमाची. पण ती कर्ण्यासमोर टेपरेकॉर्डर धरून केलेली. तिच्यात विमलकाकू पण कर्ण्यासारखीच ऐकू यायची. तिच्यावरून बयेचं माप काढणं शक्य नव्हतं. त्या परदेशी माणसाचा आलेख लावून बघा म्हटलं, तर म्हणाले, "दुसऱ्याच्या आयेचा फोटो घरात लावू का?" पावसाळ्यात बया आतून जळाली. एक दिवस चालू केली, वास आला, धूर आला, संपलं. सर म्हणाले, "बरं झालं," आणि चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकली. मग सेवापूर्ती झाली, आम्ही शाल-नारळ दिला, सर खुटबावला गेले.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते तिथंच. दुपारची वेळ होती. त्यांचा फोन आला होता, की लॅपटॉप घेऊन या, एक उपाय सापडलाय. उपाय म्हणजे विमलकाकू. बयेचा खरा आवाज वर्षानुवर्षं शेजारी उभं राहून ऐकलेलं, आणि कान शाबूत असलेलं, एकच माणूस उरलं होतं. सरांनी काकूला खाटेवर बसवलं, समोर छोटा स्पीकर ठेवला.

"विमल, डोळे मीट. कासुर्डी आठव. पत्र्याचा मांडव, तू उभी हायेस. मी फिल्टर वरनं खाली आणतो. खरी बया आली की थांब म्हण."

सुरुवातीला तोच जुना टोचरा सूर. मी दात आवळले. सर फिल्टरचा नॉब पडद्यावर हळूहळू खाली आणायला लागले. त्यांना स्वतःला काय फरक पडत होता, देव जाणे; त्यांच्या लेखी सगळं एकच घुमणं असणार. ते काकूच्या तोंडाकडं बघत होते. हात थरथरत होता. सूर मऊ होत गेला, आणखी मऊ.

"आजून," काकू म्हणाली. "आजून खाली."

सरांनी आणखी खाली आणला.

"वाईच वर. हां. थांबा. ह्योच."

"नक्की?"

"नक्की म्हंजी काय! ह्योच हुता की वो."

"डोळे उघडू नको. पुन्हा ऐक. हीच का बया?"

"हीच." काकूनं डोळे उघडले. ते भरलेले होते. "किती वर्सांनी आली बया."

सरांनी तो आकडा जसाच्या तसा ठेवला. पुढं नेटवर गेलं ते हेच. मग त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी काकूच्या मागोमाग बाहेर पडले. ती हौदापाशी उभी राहून तोंडावर पाणी मारत होती.

"काकू, बरं झालं हो," मी म्हटलं. "तुम्हाला आठवलं म्हणून निभावलं."

तिनं पदरानं तोंड पुसलं. दाराकडं बघून घेतलं. आवाज खाली आणायची तशी काही गरज नव्हती, तरी खालच्या आवाजात बोलली.

"मला न्हाई आठवत, ताई."

"म्हणजे?"

"धा वर्सं त्यो टोचरा आवाज घरात. पयल्यांदा वाटायचं, माणसाचा गळा फाटतो तसा बयेचा फाटला आसंल. त्यास्नी आवडतंय, मग आपण कशाला बोला. मग मलाबी त्याचीच सवय झाली. आता डोळे मिटून लई धुंडाळलं. कासुर्डी दिसती, मांडव दिसतो, माझं लुगडं दिसतं. आवाजाच्या जागी त्योच टोचरा. पयला येतच न्हाई."

"मग थांबा का म्हणालात?"

"त्यांचा हात बघितला का तुमी? कुठंतरी थांबवाय पायजे हुतं का न्हाई?"

ऊन मी म्हणत होतं, हौदावर एक कुत्रं पाणी पीत होतं, काकू त्याला हाड म्हणत नव्हती.

आतून सरांची हाक आली, नेहमीसारखी गावाला ऐकू जाईल अशी. "मॅडम! आवो मॅडम, या की आत! तुमी न्हाई ऐकली कवा, आता ऐका!"

मी गेले. सर खाटेवर मांडी घालून बसले होते, लॅपटॉप मांडीवर, अंघोळ करून आल्यासारखा चेहरा. त्यांनी सूर धरला, लांबवर धरला, आणि माझ्याकडं बघत राहिले. वाईट नव्हता सूर. कुणाचाही असता असा होता.

"हीच बघा माझी बया," ते म्हणाले. "हाय का न्हाई?"

"हो सर," मी ओरडून म्हणाले, त्यांना ऐकू जावं म्हणून. "हीच."